मधोमध बसवलेला स्विच

१२ फेब्रुवारी

बोट घेऊन दोन महिने झाले. आज ही पहिल्यांदा ती बघायला आली. मी सकाळपासून फडकं मारून सगळं लख्ख केलं होतं, खिडक्यांना पडदे लावले होते, बाकावर नवी गादी घातली होती. ही आत आली, चपला काढल्या, बाकावर मांडी घालून बसली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "जागा तशी वाईट नाही." मी आनंदाने पडदे आणखी सारखे केले. तेवढ्यात तिची एक चप्पल आमच्या दोघांमधून हळूच पुढे निघून गेली. मागोमाग दुसरी.

फळ्यांच्या खाली बोटीचं पोट असतं. लाकडी बोट म्हटली की सांध्यांतून थोडं पाणी झिरपतंच, ते तिथे साठतं. ते उपसायला विजेचा पंप असतो आणि पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू करायला एक स्विच असतो. आमच्या बोटीत पंप आहे. स्विचही आहे, असं आधीचा मालक शपथेवर म्हणाला होता.

हिने दोन्ही चपला पकडल्या, झटकल्या आणि अट घातली. ओळीने तीस दिवस बोट आतून कोरडी राहिली तर ती बॅग घेऊन इथे राहायला येईल. नाही राहिली तर बोट विकायची आणि मी गुपचूप घरी येऊन गॅलरीत बसायचं.

मी तिथल्या तिथे हो म्हणालो. चौतीस वर्षं मी लिफ्ट तपासनीस होतो. माझा उभा जन्म स्विचांत गेला. लिफ्ट वर आली की स्विच दाबला जातो, तसंच पाणी वर आलं की दाबला जाईल. यात अवघड ते काय?

मला ती इथे यायला हवी आहे. हे वहीत लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगायला मला जमत नाही. निवृत्त झाल्यापासून आम्ही तीन खोल्यांत राहतो. एकीत मी, दुसरीत ती, तिसरीत टीव्ही. 'दार लावलं का' आणि 'गॅस बंद केला का' यापलीकडे दिवसाकाठी बोलणं नाही. बोटीला खोली एकच आहे.

१५ फेब्रुवारी

बोट बांधतो त्या नदीच्या धक्क्याच्या टोकाला बोटीच्या सामानाचं दुकान आहे. तिथे गेलो नाही. उगाच नवशिक्या समजतात. घराजवळच्या नळाच्या सामानाच्या दुकानातून एक तरंगता स्विच आणला आणि तासाभरात बसवला. पोट कोरडं असतानाच पंप उत्साहाने सुरू झाला. काम करायची हौस असलेला पंप दिसतोय.

१६ फेब्रुवारी

स्विचचा स्वभाव विचित्र आहे. पाणी नसलं की पंप चालवतो. पाणी आलं की लाजून बंद करतो. आज घोटाभर पाण्यात उभं राहून मी त्याचं निरीक्षण केलं.

शेवटी मान खाली घालून धक्क्यावरच्या दुकानात गेलो. तिथे एक बाई बसतात, हाताला कायम काळं ग्रीस. सगळे त्यांना स्विचवाल्या बाई म्हणतात. त्यांनी माझा स्विच दोन बोटांत धरला.

"काका, हा गच्चीवरच्या टाकीचा आहे. टाकी भरली की पंप बंद करतो. तुम्हाला बोट भरायची आहे का?"

मी म्हणालो, मुळीच नाही.

"मग याच्या उलट हवा." त्यांनी एक काळी डबी पुढे ठेवली. त्यात एक झडपेसारखी पट्टी. पाणी आलं की पट्टी तरंगते, पंप सुरू. पाणी गेलं की पट्टी खाली, पंप बंद. "आणि एक लक्षात ठेवा. स्विच सगळेच मरतात. काही आधी कुरकुरतात, काही गुपचूप जातात. म्हणून बघत राहायचं."

असल्या निराशावादी माणसांनी दुकान टाकू नये.

२३ फेब्रुवारी

पट्टी अडकली. बोटीच्या पोटात बाईंना माझी पेन्सिल, पेन्सिलींची सालपटं आणि अट घातलेल्या दिवशीचा माझा नाक पुसायचा रुमाल सापडला. पट्टीखाली पेन्सिल आडवी बसल्यामुळे तिला सतत पाणी असल्यासारखं वाटत होतं. पंप रात्रभर कोरडा फिरून जळला. आता नवा पंप.

"तळ आधी धुवून घ्यायचा असतो," बाई म्हणाल्या. "कचरा असेल तर सोन्याचा स्विच लावा, अडकणारच."

हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. त्या म्हणतात, सांगितलं होतं. मी वहीत पाहिलं, नोंद नाही.

१ मार्च

तिसरा स्विच वेगळाच. त्याला हलणारा भागच नाही. अंगाला पाणी लागलं की त्याला कळतं. मी खूश झालो. हलत नाही म्हणजे अडकणार नाही. मग सवयीप्रमाणे त्याला चांगलं बोटभर ग्रीस फासलं. चौतीस वर्षांत मी ग्रीस न लावता एकही वस्तू सोडलेली नाही.

ग्रीसला तळाचा ओला गाळ चिकटला, आणि स्विचला वाटलं आपण कायमचे बुडालो. दिवसभर पंप चालू. बॅटरी संपली. मग पाणी आलं, आणि सगळं शांत.

शेजारच्या बोटीवर एक काका राहतात. पूर्वी नदीतला गाळ काढायचं यंत्र चालवायचे, म्हणून सगळे गाळवाले काका म्हणतात. त्यांच्या बोटीत स्विच नाही, पंप नाही, फक्त एक तेलाचा रिकामा डबा आहे. ते माझी फजिती बघत होते. मी विचारलं, "तुम्ही डब्यावर विश्वास कसा ठेवता?"

"डब्याला डोकं नाही," काका म्हणाले, "त्यामुळे तो चालवत नाही."

५ मार्च

आता मात्र शास्त्रशुद्ध काम. चौथा स्विच पुन्हा पट्टीचा, पण भोवती जाळीचा पिंजरा, म्हणजे पेन्सिल आत जाणार नाही. बाईंनी सांगितल्याप्रमाणे तारांचे जोड पाण्याच्या पातळीपासून हातभर वर घेतले, वर नळी चढवून गरम करून आवळली. फ्यूज लावला. पंपाची तार थेट बॅटरीला, म्हणजे मी मुख्य बटण बंद करून घरी गेलो तरी पंप जागा. तळ घासून पुसून आरसा केला.

जागा मात्र मी माझ्या पद्धतीने ठरवली. बोटीची लांबी मोजली, रुंदी मोजली, सुतळ्या बांधल्या, आणि जिथे दोन सुतळ्या एकमेकींना छेदतात तिथे, बरोबर मधोमध, पितळी पट्टीवर स्विच बसवला. पाणसळ ठेवून पाहिलं. बुडबुडा रेषांच्या मध्ये, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. शेजारी एक काउंटर बसवला आहे. पंप जितक्यांदा चालेल तितका आकडा पुढे सरकेल.

त्यानंतर घरून माझ्या अहवालांच्या नऊ लोखंडी पेट्या आणल्या. चौतीस वर्षांचे तपासणी अहवाल आहेत, हिला त्या घरात नकोच होत्या. मधे ठेवल्या तर स्विचच्या आड येतील, म्हणून सगळ्या मागच्या टोकाला रचल्या. बोटीने नाक थोडं वर केलंय. रुबाबदार दिसते.

६ मार्च

धोक्याची सूचना देणारा भोंगा हवा, असं बाईंचं मत. पंप आणि स्विच असे दोन विश्वासू नोकर असले तरी तिसऱ्याने हाक मारावी म्हणे. माझ्याकडे एका मोडीत काढलेल्या लिफ्टची बोलणारी पेटी होती. ती मी बसवली. आज हिच्यासमोर चाचणी घेतली. बोटाने पट्टी उचलली. पंप सुरू झाला. काउंटर एकवर गेला. आणि पेटीतली बाई गोड आवाजात म्हणाली, "वजन मर्यादेपेक्षा जास्त आहे. कृपया एका व्यक्तीने बाहेर पडावे."

बोटीत आम्ही दोघंच होतो. माझं वजन हिच्यापेक्षा कमी आहे, हे मी त्या क्षणी बोलायला नको होतं.

ही म्हणाली, "ही बाई इथे राहणार असेल तर मी येणार नाही."

पेटी काढली. साधी घंटा लावली. काउंटर शून्यावर आणला. उद्यापासून तीस दिवस.

७ मार्च. पहिला दिवस

कोरडी.

८ मार्च. दुसरा दिवस

कोरडी. काउंटर शून्य. सांधे फुगून बुजले असणार. मधली फळी उचलली, खाली बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली. धूळ! बोटीच्या पोटात!

हिला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मागे बघितलंत का?"

मी म्हणालो, मागे पेट्या आहेत.

"हो, माहीत आहे. मी आज पेट्या पुसायला गेले होते ना."

बोटीचा तिला राग आहे, पण धूळ तिला कुठेही सहन होत नाही.

११ मार्च. पाचवा दिवस

कोरडी. हिने धक्क्याजवळच्या बागेत व्यायामाच्या वर्गाला नाव घातलं आहे. मी सहाला तळ्याभोवती फेऱ्या मारायला बाहेर पडतो, त्याच वेळी ती उलट्या दिशेला. आयुष्यात कधी व्यायाम न केलेली बाई! म्हातारपणी का होईना, सुचलं.

बाथरूममधला मोठा मग सापडत नाही.

१४ मार्च. आठवा दिवस

कोरडी. काउंटर शून्य. आज वहीत एक विचार नोंदवतो. खरा विश्वासू स्विच तोच, ज्याला कामच करावं लागत नाही.

हा विचार स्विचवाल्या बाईंना ऐकवला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाल्या, "एकदाही चालला नाही? लाकडी बोट? काका, कुठे बसवलाय तो?"

"मधोमध."

"सगळ्यात खोल जागी ना?"

"अहो, मधोमध म्हणतोय ना मी. पाणसळ लावून."

"बोट पाण्यात असते काका, टेबलावर नाही. एक करा, बादलीभर पाणी ओता आत. पंप चालला तर मी गप्प बसते. बोटाने पट्टी उचलून चाचणी होत नाही. पाणी ओतूनच होते, महिन्यातून दोनदा तरी."

मी त्यांना शांतपणे समजावलं. कोरडेपणाची चाचणी चालू असताना आपल्या हाताने पाणी ओतणं म्हणजे परीक्षेला बसलेल्या पोराच्या वहीत आपणच चूक लिहून ठेवण्यासारखं आहे. तीस दिवसांनंतर हवं तेवढं ओतू.

बाईंनी कपाळाला हात लावला. कपाळ काळं झालं.

१७ मार्च. अकरावा दिवस

कोरडी. हिचा उजवा खांदा दुखतो. रात्री बाम लावून दिला. असला कसला व्यायाम? मी वर्गाच्या बाईंचं नाव विचारलं. ही म्हणाली, "मॅडम." पुढचं नाव विचारलं तर म्हणाली, "सगळे मॅडमच म्हणतात." मी लेखी तक्रार करणार आहे.

१९ मार्च. तेरावा दिवस

कोरडी. मुलीचा फोन. सगळी चौकशी झाल्यावर म्हणाली, "बाबा, आईला सारखं पाण्यात हात घालू देऊ नका. सर्दी झालीय तिला." मी म्हणालो, घरात कपडे धुवायचं यंत्र आहे, भांड्यांना बाई येते, तुझी आई पाण्यात हात घालतच नाही. पलीकडे मुलगी हसली की खोकली ते कळलं नाही. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, धन्य आहात."

लेकीच्या तोंडून असं ऐकलं की बरं वाटतं.

२२ मार्च. सोळावा दिवस

निम्मं अंतर पार. गाळवाल्या काकांना साक्षीदार म्हणून बोलावलं आणि मधली फळी उचलून कोरडी जागा दाखवली. काउंटरचं शून्य दाखवलं. त्यांच्या सहीसाठी कागदही तयार ठेवला होता. काकांनी वाकून पाहिलं, मग मागे पेट्यांकडे पाहिलं, मग बाहेर नदीकडे.

"वहिनींचा व्यायाम छान चाललाय," एवढंच म्हणाले.

सही केली नाही. म्हणे चष्मा नाही. माणूस जळतो दुसऱ्याच्या यशावर, दुसरं काय.

२५ मार्च. एकोणिसावा दिवस

हिचा खांदा आखडला. आज उठताच येईना. सकाळी माझ्या फेऱ्यांच्या वेळी बिछान्यात पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, आज बोटीवर जरा लवकर जा. मागच्या पेट्या हलवून तिथे झाडून घ्या."

मी म्हणालो, "मागे काय आहे झाडायला? स्विच मधे आहे."

"मी म्हणते म्हणून जा."

"मधे कोरडं असेल तर मागे ओलं कसं असेल? पाणी एका पातळीत राहतं. हे चौथीत शिकवतात."

ती भिंतीकडे तोंड करून पडली. थोड्या वेळाने कोणाला तरी फोन करून हळू आवाजात बोलत होती. "तुम्ही तेवढं बघा हो," असं काहीतरी. डॉक्टर असणार.

२६ मार्च. विसावा दिवस

कोरडी. आज गाळवाले काका कमरेला हात लावून चालत होते. धक्क्यावर कसलीशी साथ आलेली दिसते.

२९ मार्च. तेविसावा दिवस

हिला बरं वाटलं. सकाळी व्यायामाला गेली. मी म्हणालो नको जाऊस, खांदा अजून कच्चा आहे. म्हणाली, "सातच दिवस राहिलेत." वर्गाचा महिना भरत आला असणार.

१ एप्रिल. सव्विसावा दिवस

आज जे पाहिलं ते आहे तसं लिहितो.

तळ्याभोवतीच्या दुसऱ्या फेरीत माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. अर्धा तळ फटफट वाजायला लागला. चांभार धक्क्याजवळ बसतो. म्हटलं तोपर्यंत बोटीकडे एक नजर टाकू. एका पायात बूट, एका पायात मोजा असा धक्क्यावरून निघालो.

आमच्या बोटीतून पाणी उडत होतं. मागच्या टोकाच्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा, हातात आमच्या बाथरूमचा मग, पाणी नदीत, हात आत. पुन्हा हात बाहेर. मला आधी वाटलं चोर आहे. मग वाटलं, चोर पाणी कशाला चोरेल. मग बांगड्या दिसल्या.

मी जाळ्यांच्या ढिगामागे बसलो. समोर जायला हवं होतं, पण पाय उचलला नाही. ही गात होती. नीट गाणं नाही, गुणगुणत होती, आणि मधेच बोटीशी बोलत होती. "आज फार ढोसलंस बाई. चार दिवस कळ काढ. चारच दिवस. मग काय घालायचा तो गोंधळ घाल. त्याचं तोंड बघवत नाही गं, त्या शून्याकडे बघत बसतो नुसता."

'तो' म्हणाली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी कायम 'अहो'. पाठीमागे मी 'तो' आहे, हे मला आज कळलं, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

गाळवाले काका कधी येऊन शेजारी बसले ते समजलं नाही. माझ्या मोज्याकडे बघून म्हणाले, "शंभराच्या आसपास मग रोज. मी मोजतो. खांदा आखडला ते चार दिवस मी उपसलं, कंबर गेली माझी. वहिनी तयार आहेत."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"वहिनींनी शपथ घातली होती. आणि तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही दाखवायला बोलावलंत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या काखेत तर आख्खी बायको होती.

ती गेल्यावर बोटीवर गेलो. एक एक पेटी पुढे ओढली. मागची फळी उचलली. उपसून झाल्यावरही तिथे तळव्याएवढं पाणी होतं आणि बघता बघता वाढत होतं. खालच्या दोन पेट्यांतले अहवाल भिजून लगदा झाले आहेत. नऊ पेट्यांच्या वजनाने बोटीचं मागचं टोक वीतभर खाली गेलंय. पाणी सगळं मागे, आणि माझा पाणसळ लावलेला स्विच मधे उंचावर, कोरडा खडखडीत. लिफ्टचा खड्डा सपाट असतो. बोट सपाट नसते. एवढं सोपं गणित, आणि मी ते पितळी पट्टीवर चुकलो. ही नसती तर बोट केव्हाच मागून बुडाली असती, आणि बुडताना काउंटरवर शून्यच असतं.

मला लाज वाटली. त्याहून जास्त काहीतरी वाटलं, त्याला मला नाव देता येत नाही. ज्या परीक्षेत मी पास व्हावं म्हणून ती रोज शंभर मग पाणी काढते, ती परीक्षा तिनेच घातली आहे. म्हणजे तिला यायचं आहे.

बूट शिवायचा राहिला.

२ एप्रिल. सत्ताविसावा दिवस

'कोरडी' असं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. हिच्या खांद्याला बाम लावला. जरा जास्तच वेळ लावला. म्हणाली, "आज काय झालंय तुम्हाला?"

३ एप्रिल. अठ्ठाविसावा दिवस

काही बोलायचं नाही, मूग गिळून बसायचं, आणि परवा ती येते. मग पेट्या पुढे घ्यायच्या, स्विच मागे सरकवायचा, कोणाला कळणार? असा विचार सकाळी पक्का केला. दुपारपर्यंत टिकला.

एकदा एका नऊ मजली इमारतीच्या लिफ्टला मी नापास केलं होतं. मालक म्हणाला, लोकांची सोय बघा साहेब. मी म्हणालो, दोर झिजला आहे, सोय दोराची बघायची. त्या दिवशी मीही नऊ मजले चढून घरी गेलो, कारण मी त्याच इमारतीत भाड्याने राहायचो. हिने आठ महिने जिन्यावरून भाजी वाहिली आणि चकार शब्द काढला नाही.

४ एप्रिल. एकोणतिसावा दिवस

ही बॅग भरते आहे. मला दिसू नये म्हणून कपाटाआड. तीन साड्या, गाऊन, औषधांचा डबा, आणि वर टॉवेल. टॉवेल चार आहेत.

स्विचवाल्या बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "परवा येते. सगळ्यात खोल जागी बसवू, मग पाणी ओतून बघू. आणि काका, स्विच चांगला आहे हो तुमचा. त्या बिचाऱ्याला कोणी भेटायलाच आलं नाही."

५ एप्रिल. तिसावा दिवस

ही दहा वाजता बॅग घेऊन धक्क्यावर आली. केसांना तेल लावून नीट वेणी घातली होती. मी बोटीत उभा होतो, इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. ती आत आली, बाकावर बसली, आणि चपला पायातच ठेवल्या.

"वाचा," म्हणाली.

मी वाचलं. "तपासणी प्रमाणपत्र. नौकेचा तळ तीस दिवस मधोमध कोरडा आढळला. मागील बाजूस दररोज पाणी साठत होते. स्विच चुकीच्या जागी बसवल्याने पंप एकदाही चालला नाही. पाणी एका व्यक्तीने हाताने उपसले. सबब नौका नापास."

कागदाकडे बघायचं सोडून मी तिच्याकडे बघितलं. तिने कागद ओढून घेऊन स्वतः वाचला. मग तिचा चेहरा लाल झाला.

"नापास?"

"हो."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"चार दिवस."

"चार दिवस! आणि मी चार दिवस पहाटे येऊन पाणी काढते आहे, ते काय हौस म्हणून? महिनाभर खांदा मोडला माझा! कोणासाठी? आणि तुम्ही मला नापास करता?"

"तुला नाही गं. बोटीला."

"एकच आहे ते! तीन हजार मग काढलेत मी. एक तरी इकडेतिकडे झाला का? पास म्हणायला काय जात होतं तुमचं?"

मी म्हणालो, "तू इथे झोपणार होतीस. दोर झिजलेल्या लिफ्टमध्ये मी कोणाला बसवलं नाही. तुला कसं बसवू?"

तिने बॅग पायाशी ओढून घेतली. बाहेर गाळवाले काका उगाचच दोरी गुंडाळत, कान इकडे लावून उभे होते.

"मग आता?" ती म्हणाली.

"अटीप्रमाणे विकायची. नाहीतर..." मी शर्टाची बाही सारखी केली. "नाहीतर पुन्हा पहिल्यापासून तीस दिवस. स्विच उद्या मागे बसतोय. बाई येणार आहेत."

"स्विच उद्या. पाणी आज आहे. ते कोण काढणार?"

"मी."

"तुम्ही? तुम्हाला वाकता तरी येतं का? पहिल्या दहा मगांत पाठ धरेल. आणि तो स्विच लावलात तरी बघणार कोण? तुम्ही? तुम्ही बघाल मधे, आणि बोट बुडेल मागून."

"मग काय करू म्हणतेस?"

"काय करू काय! कोणीतरी इथे असायला नको का डोळे उघडे ठेवून?" तिने इकडेतिकडे बघितलं, जणू ते कोणीतरी कुठे सापडतंय का ते शोधत होती. मग बॅगेची चेन ओढली. "बोट चांगली असती तर दोन दिवस राहून मुलीकडे गेले असते. आता कुठली जाते. असल्या बोटीत तुम्हाला एकटं सोडलं तर उद्या लोक मला विचारतील."

तिने चपला काढल्या आणि उंच फळीवर ठेवल्या. पदर खोचला. मागची फळी उचलली आणि बाथरूममधला तो मग माझ्या हातात दिला.

"बसा. असं नाही, गुडघे वाकवून. पाठ सरळ. मग तिरका बुडवा, आवाज येता कामा नये. हं. आता खिडकीतून लांब टाका, बोटीच्या अंगावर नको."

मी पहिला मग अर्धा माझ्या शर्टावर ओतला. दुसरा खिडकीच्या चौकटीवर. तिसरा नदीत गेला. ती शेजारी पेटीवर बसून मोजत होती. अठराव्याला माझा श्वास फुलला. पंचविसाव्याला मी एक गुडघा टेकला, पण थांबलो नाही. एकतिसाव्याला तिने मग माझ्या हातातून काढून घेतला.

"सरका," म्हणाली. "दुसऱ्या बाजूने धरा फळी. आणि बोलत राहा काहीतरी, एकटीने काढून काढून कंटाळा आलाय मला."

मी फळी धरली आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिला नऊ मजली इमारतीची गोष्ट सांगायला लागलो. ती तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. तिने मला चार ठिकाणी दुरुस्त केलं.